जर्मनीत कॉफी आणि केक: नाशिकहून निघण्याआधी वाचून ठेवा

नाशिकहून जर्मनीची वाट आता चांगलीच मळलेली आहे. सातपूरला बॉशचा कारखाना आहे आणि कंपनीचं मुख्यालय स्टुटगार्टला खेटून असलेल्या गेर्लिंगेनमध्ये. मास्टर्सला जाणारी मुलं आणि नर्सिंगसाठी जाणाऱ्या मुलीही कमी नाहीत. निघताना कुकर, गोडा मसाला, लोणचं यांची यादी नीट होते; दुपारी चार वाजता तिथे काय खायचं-प्यायचं याचा विचार मात्र कुणी करत नाही. मग पहिले काही महिने स्टेशनवरच्या कॅफेतली कागदी कपातली महाग कॉफी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मफिन यांवर निघतात. घराखालच्या बेकरीत पाऊल पडत नाही, कारण काचेमागच्या तीस पदार्थांतलं आपल्याला चालणारं कोणतं आणि ते मागायचं कसं, हेच माहीत नसतं. ते माहीत झालं की जर्मनीतली सगळ्यात चांगली आणि त्यातल्या त्यात स्वस्त चैन तिथेच आहे.

खालची माहिती मुख्यतः स्टुटगार्टच्या बाजूची आहे. बाकी देशात नावं बदलतात, रीत तीच.

काउंटरवर

‘बेकराय’ म्हणजे पाव-ब्रेडची बेकरी, ‘कोंडिटोराय’ म्हणजे केकचं दुकान. बऱ्याचदा दोन्ही एकाच छताखाली असतात. बेकरी पहाटे सहाच्या सुमारास उघडते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास आवरते. ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) सकाळी घ्यायचा, दुपारनंतर तो चिवट होतो. केक दुपारी दोन-तीनला घ्यायचा. पाचनंतर उरलासुरला माल असतो. रविवारी दुकानं बंद असतात, पण बऱ्याच बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. रविवारी दुपारी पाहुणे येणार असतील तर केक सकाळीच आणून ठेवावा लागतो.

आत रांग दिसेलच असं नाही. लोक काउंटरसमोर पसरून उभे असतात आणि आपल्या आधी कोण होतं हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं असतं. काउंटरवरची बाई ‘वेर कोम्ट ड्रान?’ म्हणजे ‘आता कोणाचा नंबर?’ असं विचारते. आपला असेल तर ‘इश’ (मी) म्हणायचं. गप्प राहिलात तर मागचा पुढे जाईल आणि त्यात त्याची चूक नसेल. मग ‘इश हेटे गेर्न’ (मला हवं आहे) म्हणून बोट दाखवायचं आणि नग सांगायचे. आपल्याकडे खारी-टोस्ट पाव किलो, अर्धा किलो असं मागतो. इथे सगळं नगावर, केकसुद्धा कापलेल्या तुकड्याच्या हिशोबात. ब्रेड मात्र अर्धा मिळतो आणि सांगितलं तर मशीनवर कापूनही देतात. ‘झोन्स्ट नोख वास?’ म्हणजे आणखी काही? नको असेल तर ‘दास वार्स’. शेवटचा प्रश्न तिथे बसून खाणार की नेणार: नेणार असाल तर ‘त्सुम मिटनेमेन’.

सुटे युरो जवळ ठेवा. छोट्या बेकऱ्यांत अजूनही रोखच चालते, किंवा फक्त स्थानिक बँकेचं कार्ड.

पहिल्या आठवड्यात काय खावं

ब्रेत्सेलपासून सुरुवात करा. स्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडच्या, ब्रेत्सेलचे हात बारीक आणि कुरकुरीत, पोट जाड आणि मऊ असतं, आणि पोटावर चाकूने मुद्दाम दिलेली चीर असते. बव्हेरियन ब्रेत्सेलला ती चीर नसते. तो तपकिरी तुकतुकीत रंग भाजण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या ३-४ टक्के द्रावणातून काढल्यामुळे येतो. भट्टीत तो सोडा उरत नाही, घाबरायचं कारण नाही. मीठ जास्त वाटलं तर बोटाने झटकून टाकायचं, तिथले लोकही तेच करतात. मधून कापून लोणी भरलेला ‘बुटरब्रेत्सेल’ आणि काळी कॉफी हा ऑफिसला जातानाचा नेहमीचा नाश्ता आहे.

गोडात आधी ‘हेफे’ म्हणजे यीस्टच्या पिठाचे प्रकार घ्या: वेणीसारखा विणलेला हेफेत्सोप्फ, दालचिनी किंवा नट्स भरून गुंडाळलेली श्नेके, वर भुरभुरीत चुऱ्याचा थर असलेला श्ट्रॉयझेलकूखेन. हे कमी गोड असतात आणि कॉफीबरोबर जमतात. क्रीमचे उंच टोर्टे नंतर.

फळांचे केक ऋतूप्रमाणे बदलतात, आणि इथे थोडं थांबून बघायला हवं. रुबार्ब म्हणजे लालसर आंबट देठ. त्याचा केक एप्रिल ते जून. २४ जूननंतर रुबार्ब तोडत नाहीत असा रिवाज आहे. स्ट्रॉबेरी मे ते जुलै. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ‘त्स्वेच्गे’ या लांबट निळ्या आलुबुखाराचा पातळ आंबट-गोड केक येतो, आणि आमच्या मते जर्मनीत खाण्यासारखा सगळ्यात चांगला केक तोच. वर फेटलेली साय घ्यायची, साखर नाही. नोव्हेंबरपासून श्टोलेन, म्हणजे बेदाणे घातलेला नाताळचा केक. बेमोसमी फळाचा केक दिसला तर तो डब्यातल्या किंवा गोठवलेल्या फळाचा असणार. वाईट नसतो, पण त्यासाठी वाट वाकडी करू नये.

फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या दिवसांत, जॅम भरलेले तळलेले ‘बर्लिनर’ ढिगाने विकतात. ऑफिसात कुणी बर्लिनरचा बॉक्स फिरवला तर जरा सांभाळून: एखाद्यात जॅमऐवजी मोहरीची चटणी भरून ठेवायची गंमत तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालते.

अंडं, जिलेटिन आणि चरबी

शाकाहारी माणूस बहुतेक वेळा अंड्याचं विचारतो आणि तिथेच थांबतो. खरी अडचण जिलेटिनची आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून सुट्या मालाचीही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. अंडं, दूध, नट्स, गहू धरून १४ गोष्टी त्यात येतात. काउंटरमागे त्याची फाइल असते, मागितली की दाखवतात. पण डुकराच्या किंवा गायीच्या हाडा-कातड्याचं जिलेटिन त्या १४ मध्ये नाही. म्हणजे फाइलमध्ये अंड्याचं खरं उत्तर मिळेल आणि जिलेटिनचं मिळेलच असं नाही. ते तोंडी विचारावं लागतं: ‘इस्ट दा गेलाटीने द्रिन?’ अंड्यासाठी ‘इस्ट दा आय द्रिन?’

कुठे असतं याचा ठोकताळा: जे न भाजता फ्रिजमध्ये घट्ट केलेलं असतं, त्यात जिलेटिनची शक्यता मोठी. भट्टीत भाजलेल्या केझेकूखेनमध्ये, म्हणजे चीजकेकमध्ये, क्वार्क (चक्क्याच्या जवळ जाणारं, पण कमी आंबट) आणि अंडी असतात, जिलेटिन सहसा नसतं. त्याच्या शेजारीच ठेवलेला, तसाच पांढरा, पण दोन केकच्या थरांमध्ये उंच हलकं क्रीम भरलेला केझेझानेटोर्टे मात्र जिलेटिनवरच उभा असतो. बदामाचा करकरीत थर वर असलेल्या बीनेनश्टिशच्या क्रीममध्येही ते बऱ्याचदा असतं.

श्वार्त्सवेल्डर किर्शटोर्टे, म्हणजे आपण ‘ब्लॅक फॉरेस्ट’ म्हणून वाढदिवसाला आणतो तो, तिथे वेगळाच पदार्थ आहे. त्यात किर्शवासर ही चेरीची दारू असते, आणि तिची चव स्पष्ट लागली पाहिजे असं तिथल्या खाद्यसंहितेतच आहे. लहान मुलांना देऊ नका. आई-बाबा भेटीला आले असतील तर आधी सांगा, नंतर नको. श्टोलेनमधल्या बेदाण्यांनाही रम असते. उत्तरेकडे ‘फारिझेयर’ नावाची कॉफी मिळते, तिच्यात सायीखाली रम असते.

‘श्माल्त्स’ म्हणजे डुकराची चरबी. बर्लिनर पूर्वी तिच्यात तळत, आता बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं. काही जुने बेकर ब्रेत्सेलच्या पिठातही घालतात. तोही प्रश्न दुकानागणिक एकदा विचारून घ्यायचा, म्हणजे पुढे निर्धास्त. आणि नावात ‘कूखेन’ (केक) आहे म्हणून सगळं गोड समजू नका. शरद ऋतूत सगळीकडे दिसणारा त्स्वीबेलकूखेन कांद्याचा असतो आणि त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. बेकरीच्या गरम काउंटरवरचा लेबरकेझे, नावात ‘केझे’ म्हणजे चीज असूनही, पूर्ण मांसाचा असतो.

अंडं अजिबात न खाणाऱ्यांना काउंटरवर खात्रीचं थोडंच मिळतं: ब्रेत्सेल, साधे पाव, ‘फेगान’ (व्हेगन) अशी पाटी असलेले पदार्थ. पफ पेस्ट्रीच्या पिठात अंडं नसतं, पण चकाकीसाठी वरून लावलेलं असू शकतं. सुपरमार्केटमधल्या काचेच्या कप्प्यांत ठेवलेल्या मालावर घटकांची पूर्ण यादी चिकटवलेली असते. सुरुवातीला, भाषा येईपर्यंत, ती मोठी सोय.

कॅफेत बसल्यावर

जुन्या पद्धतीच्या कोंडिटोरायत केक टेबलावरून मागवत नाहीत. आत काचेपाशी जाऊन निवडायचा. तिथे नंबर लिहिलेली चिठ्ठी मिळते, ती टेबलावर येणाऱ्या वेटरला द्यायची. कॉफी मात्र वेटरलाच सांगायची. जागा नसेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावर ‘इस्ट हियर नोख फ्राय?’ असं विचारून बसता येतं. बसल्यावर गप्पा मारायचं बंधन नसतं.

नुसतं ‘काफे’ मागितलं तर काळी कॉफी येते, बाजूला दुधाची इवली डबी. आपल्या घरच्या कॉफीच्या जवळचा प्रकार मिल्शकाफे: निम्मी कॉफी, निम्मं गरम दूध, साखर आपली आपण. लाटे माकियाटो उंच ग्लासात थरांची येते आणि कॉफीची चव त्यात फिकी पडते. ‘केन्शेन’ म्हणजे दोन कप मावतील अशी छोटी किटली. गप्पा मारत बसायचं असेल तर तीच. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘आइसकाफे’ने: बर्फ घातलेली कॉफी नव्हे, व्हॅनिला आइस्क्रीम आणि साय घातलेला मोठा ग्लास येतो. त्याच्याबरोबर केक मागवला तर दोन्ही संपत नाहीत.

बिल मागितलं की ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ विचारतात: एकत्र की वेगवेगळं. वेगवेगळं म्हणण्यात कुणाला काही वाटत नाही. ६.६० झाले तर सातची नोट-नाणी देऊन ‘श्टिम्ट सो’ म्हणायचं, म्हणजे उरलेले ठेवा.

बाहेर नेणार असाल तर स्वतःचा कप ठेवा. जानेवारी २०२३ पासून बाहेर न्यायची कॉफी विकणाऱ्या मोठ्या दुकानांना पुन्हा वापरायचा कप द्यावा लागतो, छोट्यांना निदान गिऱ्हाइकाच्या कपात भरून द्यावं लागतं. स्टुटगार्टजवळच्या ट्युबिंगेनमध्ये तर २०२२ पासून एकदाच वापरायच्या कपावर ५० सेंट कर आहे.

घरची जायफळाची कॉफी

जायफळ न्यायची गरज नाही. जर्मन लोक ते बटाट्यात घालतात, अख्खं ‘मुस्काटनुस’ कोणत्याही दुकानात मिळतं. अडचण येते दुधाची. तिथलं सायीसकटचं ‘फोलमिल्श’ ३.५ ते ३.८ टक्के स्निग्धांशाचं असतं. आपलं फुल क्रीम ६ टक्क्यांचं. त्यामुळे इन्स्टंट कॉफी त्यात घातली की पाणचट लागते. ‘हा-मिल्श’ म्हणजे टिकाऊ दूध स्वस्त असलं तरी त्याला उकळल्याचा वास असतो, कॉफीसाठी फ्रिजमधलं ताजं ‘फ्रिशमिल्श’च घ्या.

दोन कपांचं प्रमाण:

- फिल्टरची दळलेली कॉफी २० ग्रॅम (सपाट तीन-चार मोठे चमचे)
- उकळून अर्धा मिनिट थांबवलेलं पाणी १६० मिली
- फोलमिल्श ३०० मिली आणि बिनसाखरेचं १० टक्के कंडेन्स्ड मिल्क २ मोठे चमचे
- साखर ३-४ चहाचे चमचे, जायफळ किसणीवर तीन-चार वेळा घासून

प्लास्टिकचं किंवा चिनी मातीचं गाळणं आणि कागदी फिल्टर लागतो, १×४ मापाचा. (कागदी फिल्टर ही जर्मनीचीच देणगी: ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झने १९०८ मध्ये त्याची नोंदणी केली.) कागद आधी गरम पाण्याने भिजवा, नाहीतर कागदाची चव उतरते. कॉफी भिजेल इतकंच पाणी घालून अर्धा मिनिट थांबा, मग बाकीचं हळूहळू. सगळं उतरायला तीन मिनिटं लागतात. एका मिनिटात उतरलं तर दळण जाड आहे. हीच भानगड नाशिकहून नेलेल्या स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरची होते: त्याला बारीक दळण लागतं आणि जर्मन पाकिटातलं मध्यम असतं, म्हणून डिकॉक्शन धावत खाली येतं. त्यासाठी एस्प्रेसोचं दळण घ्या. चिकोरीची सवय असेल तर ‘कारो’ नावाची बार्ली-राय-चिकोरीची पावडर पाव चमचा मिसळा.

दूध आणि साखर वेगळं गरम करा, कॉफी शेवटी घाला. कॉफी दुधात उकळली की कडवट होते. जायफळ आच बंद केल्यावर. आणि काचेच्या शेगडीवर ‘बंद’ म्हणजे बंद नव्हे: पट्टी बराच वेळ तापलेली राहते, दूध बंद केल्यानंतरही उतू जातं. भांडं उचलून बाजूला ठेवा.

किटलीत पांढरा थर साचला की सायट्रिक ॲसिड थंड पाण्यात विरघळवून ओता आणि तसंच राहू द्या. उकळलं तर न विरघळणारा दुसराच थर बसतो.

ऑफिस आणि आमंत्रण

ऑफिसच्या कॉफीच्या मशीनपाशी डबा आणि नावांचा कागद टांगलेला असतो. कप घेतला की नावासमोर रेघ मारायची, महिन्याने हिशोब. शेवटचा कप ज्याने घेतला त्याने नवीन कॉफी लावायची. तुमच्या वाढदिवसाला केक तुम्हीच न्यायचा असतो. इतर आणतील म्हणून वाट बघत बसलात तर कुणीच आणणार नाही.

घरी ‘रविवारी तीनला कॉफीला या’ म्हटलं तर तीनला, सव्वातीनला नाही. जेवण हलकं करून जा: एक तुकडा संपवल्याशिवाय सुटका नसते आणि दुसऱ्याचा आग्रहही होतो. खात नसलेलं आदल्या दिवशीच कळवा. पाच-साडेपाचला निघायचं, पुढे रात्रीचं जेवण त्यात धरलेलं नसतं.

बिनअंड्याचा द्राक्षांचा श्ट्रॉयझेलकूखेन

स्टुटगार्टच्या टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत आणि तिथल्या घरांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांचा केक होतो. नाशिकला तोच फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षं स्वस्त झाली की करता येतो. निघण्याआधी घरी एकदा करून बघा; हात बसलेला असला की तिथे ऑफिसचा वाढदिवस निभतो. ३०×२० सेंटिमीटरच्या ट्रेचं प्रमाण:

- पीठ: मैदा २५० ग्रॅम (तिथे ४०५ किंवा ५५० नंबरचा), कोमट दूध १२० मिली, साखर ४० ग्रॅम, मऊ लोणी ४० ग्रॅम, ड्राय यीस्ट साडेतीन ग्रॅम (जर्मन पाकीट ७ ग्रॅमचं, म्हणजे अर्धं), चिमूट मीठ
- चुरा: मैदा १५० ग्रॅम, थंड लोणी १०० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम
- बिनबियांची द्राक्षं ५०० ग्रॅम, रवा २ मोठे चमचे

पीठ आठ-दहा मिनिटं मळा, चिकट वाटलं तरी वरून मैदा ओतू नका. दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा: नाशिकला मार्चच्या दुपारी पाऊण तास पुरतो, जर्मनीच्या हिवाळ्यात दीड तासही लागतो. तिथे ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवा. तिकडच्या कपाटात ‘बाकपुल्वर’ आणि ‘हेफे’ यांची सारखीच छोटी पाकिटं शेजारी असतात. पहिलं बेकिंग पावडर आहे, त्याने हे पीठ फुगणार नाही.

द्राक्षं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा. पीठ ट्रेमध्ये पसरून त्यावर रवा भुरभुरवा, मग द्राक्षं. रवा विसरलात तर द्राक्षांचं पाणी खाली उतरतं, केकचं बूड कच्च्या कणकेसारखं राहतं, आणि ते जास्त वेळ भाजूनही सुधारत नाही. चुरा बोटांच्या टोकांनी करा, वाटाण्याएवढे गोळे राहिले पाहिजेत. लोणी वितळलेलं असेल तर चुरा पसरून सपाट बिस्किटासारखा थर होतो; पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग पसरा. १८० अंशांवर वर-खाली आच, ३० ते ३५ मिनिटं. पंखा चालू असेल तर १६०. वीस मिनिटं निवल्यावरच कापा.

नाशिकला आणताना

श्टोलेन सगळ्यात सोयीचा. ड्रेस्डेनच्या श्टोलेनमध्ये मैद्याच्या निदान निम्मं लोणी असतं, वर साखरेचा जाड थर, त्यामुळे थंड जागी तो आठवडेच्या आठवडे टिकतो. डिसेंबरात आणलात तर नाशिकची थंडी, निफाडची तर विचारूच नका, त्याला मानवते. एप्रिलमध्ये फ्रिज लागेल. न्युरेनबर्गचे लेबकूखेन (मसाल्याची मऊ बिस्किटं) पत्र्याच्या डब्यात येतात, हातातल्या सामानात ठेवा. त्यांतल्या ‘एलिझेन’ प्रकारात अंडं असतं, घरात चालत नसेल तर पाकीट वाचून घ्या. चॉकलेटचा थर असलेले उन्हाळ्यात आणू नका. मुंबईहून कसारा घाट चढेपर्यंत गाडीच्या डिकीत त्यांची वडी झालेली असते.

उलट दिशेने पेढे, बर्फी, तूप नेता येत नाही: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

आणि विमान दुबई किंवा अबू धाबीमार्गे असेल तर मोनकूखेन, मोनश्नेके असं काहीही बॅगेत नको. ‘मोन’ म्हणजे खसखस, आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे. तो केक फ्रँकफर्टच्या विमानतळावरच संपवा.